चुकांचं टंकलेखन

टर्मिनलवर काय घडलं त्याची नोंद ठेवायला युनिक्समध्ये ‘स्क्रिप्ट’ ही जुनी आज्ञा आहे. ती पडद्यावरचं सगळं ‘टाइपस्क्रिप्ट’ नावाच्या फाइलीत उतरवते. सगळं म्हणजे चुकलेलं अक्षर आणि ते खोडणारा बॅकस्पेससुद्धा. इतका प्रामाणिक कारकून असला की त्याच्यासमोर नाटक वठवणारं यंत्रही लागतंच. डॉन लिब्स यांच्या ‘एक्स्पेक्ट’ या प्रोग्रॅममध्ये मजकूर पाठवताना ‘एच’ हा पर्याय दिला, की ते माणसासारखं रेंगाळत टाइप करतं. त्यासाठी पाच आकडे द्यायचे: अक्षरांमधला सरासरी वेळ, शब्दाच्या शेवटचा वेळ, चढउतार, किमान आणि कमाल विराम. माहितीपुस्तिकेत तर रात्रीची न उतरलेल्या माणसासाठीही वेगळे आकडे आहेत. त्यात कमाल विराम १०० सेकंदांचा! चुका मात्र यंत्र करत नाही. त्या आपणच आधी योजून लिहायच्या, मागोमाग दुरुस्त्याही. तपासणीच्या आदल्या रात्री वेगवेगळ्या पेनांनी हजेरीपट भरणाऱ्यांना हे शास्त्र नवं वाटणार नाही.

कुणी म्हणेल, प्रात्यक्षिकासाठी हे सोयीचंच. मान्य, गुरुजींचं खरं चाचपडणं कुणाला पाहायचंय? पण शिकवायला एकसारखा वेगही पुरतो. अडखळण्याचा अभिनय लागतो तो समोर माणूस बसला होता हे पटवायला. नोंद खोटी नसते, हाही आक्षेप रास्त. ती अक्षरं उमटली होतीच. कुणाच्या बोटांनी, ते फाइल सांगत नाही. सोबत वेळांची फाइल ठेवली, तर तिच्यात जांभईएवढा विरामही सापडेल. तोही बहुधा पाचव्या आकड्याचाच.