अर्ध्या तासाचा पास्ता आणि चार तासांचा धाक

आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे बऱ्याच घरांच्या सामिष पंचांगानुसार बुधवारी किंवा शुक्रवारी, संध्याकाळी साडेसातला घरी पोचलेल्या माणसानं पाव किलो खिमा, पाच-सहा टोमॅटो आणि पास्त्याचं पाकीट ओट्यावर ठेवलं, की त्याच्या मागं एक अदृश्य इटालियन आजी येऊन उभी राहते. हल्ली ही आजी पाककृतींच्या व्हिडिओंतून सगळ्यांच्याच घरी जाऊन आलेली आहे. तिचं म्हणणं एकच : मांसाचा सॉस चार तास मंद आचेवर रटरटला पाहिजे, नाहीतर तो स्वयंपाक नव्हे, उरकाउरकी. माणूस ओशाळतो, तरी पास्ता करतो, आणि ‘आज आपलं झटपटच हं’ अशी आगाऊ माफी मागत ताटं वाढतो. या माफीला काही आधार नाही असं माझं म्हणणं आहे. खिमा आणि ताजे टोमॅटो यांचा पास्ता अर्ध्या तासात होतो, कारण त्याला लागतोच तेवढा वेळ. चार तास दिले तर तो सुधारणार नाही, बिघडेल.

आजीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार म्हणजे बोलोन्या शहर. हे शहर या बाबतीत फार गंभीर आहे. ताल्यातेल्ले नावाच्या पास्त्याची पट्टी शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद असावी असं 1972 साली ठरवून त्यांनी तिची सोन्याची प्रतिकृती चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवली. दहा वर्षांनी, 17 ऑक्टोबर 1982 रोजी, इटालियन पाककला अकादमीनं रागूची, म्हणजे बोलोन्याच्या मांसाच्या सॉसची, कृती त्याच चेंबरमध्ये सातबाऱ्यावर नाव चढवावं तशी नोंदवून टाकली. आता तो कागद वाचू. गाईचं मांस 300 ग्रॅम, डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस 150 ग्रॅम, गाजर, सेलरी आणि कांदा प्रत्येकी 50 ग्रॅम, थोडी वाइन, पेलाभर दूध. आणि टोमॅटो? पाच चमचे सॉस किंवा 20 ग्रॅम घट्ट अर्क. साडेचारशे ग्रॅम मांसात टोमॅटो हजेरीपुरता. त्याच्याही मागं गेलं तर पेल्लेग्रीनो आर्तुझींनी 1891 साली स्वखर्चानं छापलेल्या, पुढं इटलीच्या घराघरांत गेलेल्या पुस्तकात बोलोन्या पद्धतीचा मकरोनी आहे, आणि त्यात टोमॅटो औषधालाही नाही. 2023 साली नोंदणी सुधारली, दूध ऐच्छिक झालं आणि टोमॅटोचा वाटा वाढला, पण मुद्दा तसाच राहतो. दीर्घकाळ शिजण्याचा कायदा ज्या पदार्थाला लागू आहे त्यात टोमॅटो पाहुणा असतो. आपल्या कढईत तो यजमान आहे. शिवाय 1982 च्या कागदावर वेळ लिहिलाय तो सुमारे दोन तास. वरचे दोन आजीनं पदरचे घातले.

नेपल्सची आजी याहून कडक, हे खरं. तिथल्या रागूत मांसाचे मोठाले तुकडे पडतात आणि भांडं रविवारच्या जेवणासाठी तासन्‌तास चुलीवर राहतं. एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी 1959 साली या रागूभोवती एक अख्खं नाटक रचलं आणि त्याचं नावच ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’ ठेवलं. बुधवार त्यात नाही, एवढंच मी नम्रपणे नोंदवतो.

मुळात तास लागतात कशाला? जनावराच्या ज्या भागांनी हयातभर कष्ट उपसले, पाय, खांदा, मान वगैरे, त्यांत कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. ओलसर उष्णतेत बराच काळ राहिल्यावर त्याचं जिलेटिन होतं आणि मगच ते मांस दातांशी वैर सोडतं. खिम्याच्या बाबतीत यातलं बरंचसं काम खाटकानं आधीच उरकलेलं असतं. तंतू बारीक तुटले की चिवटपणाला पाय रोवायला जागा उरत नाही. खिम्याला हवी असते ती आच. मांसाला खमंगपणा येतो तो त्याचा पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढं गेल्यावर, आणि भांड्यात पाणी साचलेलं आहे तोवर तापमान शंभराशीच अडून बसतं. म्हणून पसरट कढई, मोठी आच, खिम्याचा पातळ थर आणि तीन-चार मिनिटं हात न लावणं. यातली शेवटची अट मराठी माणसाला जड जाते. आपल्याकडं कालथा हातात आला की तो फिरलाच पाहिजे. स्थिर कालथा म्हणजे स्वयंपाकात लक्ष नसल्याचा पुरावा. पण सतत हलवलेला खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडून करडा पडतो आणि मग त्याची अब्रू वाचवायला गरम मसाला धावून येतो. बोकडाचा खिमा जाडा असेल तर परतून झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून दहा-बारा मिनिटं झाकण ठेवावं, हे कबूल. या कबुलीतून चार तास निघत नाहीत.

टोमॅटोची बाजू याहून भक्कम आहे. टोमॅटो चिरल्यावर जो हिरवा, देठासारखा ताजा वास येतो त्याचे घटक इतके हलके असतात की वाफेबरोबर उडून जातात. दहा मिनिटांच्या शिजण्यात त्यातलं थोडंफार हाती लागतं, दोन तासांत ताजेपणाची आठवणही राहत नाही. दीर्घ शिजलेल्या टोमॅटोला गोडसर दाट चव येते आणि ती वाईट नसते, पण ती डब्यातल्या प्युरीत आयती मिळते. ताजे टोमॅटो चार तास आटवणं म्हणजे गॅस जाळून दुकानातला डबा घरी तयार करणं. दुसरा अन्याय होतो तो बियांवर. ‘बिया काढून टाका’ असं मोठमोठी पुस्तकं सांगतात, आणि चवीला खोली देणारं ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरातच जास्त असतं. पुस्तकाप्रमाणं वागणाऱ्याच्या घरी सगळ्यात चविष्ट जेवण सिंकला मिळतं. तेव्हा बिया राहू द्याव्यात. सालीची कटकट मात्र खरी आहे; शिजल्यावर तिच्या सुरळ्या होतात आणि त्या दातांत जाऊन बसतात. टोमॅटो आडवा कापून कापलेल्या बाजूनं किसणीवर घासला की गर ताटात उतरतो आणि साल हातात राहते. यालाही मिनिटभरच लागतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं तुमचं स्वयंपाकघरातलं तर्कशास्त्र. इटलीत असं कोण करतं? रोमच्या ईशान्येला डोंगरात आमात्रीचे नावाचं गाव आहे, ते करतं. डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, म्हणजे ग्वांचाले, त्याच्याच चरबीत कुरकुरीत करायचं, वाइनचा शिपका, लाल मिरची, टोमॅटो आणि वरून मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज. गावाच्या कृतीत 500 ग्रॅम स्पगेटीला ग्वांचाले फक्त 125 ग्रॅम आणि टोमॅटो सहा-सात. पाणी उकळून स्पगेटी शिजेपर्यंत सॉस तयार. 2020 साली युरोपीय संघानं या सॉसला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. गावाचा कडवेपणा पाहायचा तर 2015 साल आठवावं : कार्लो क्राको या नामांकित शेफनं आपण त्यात लसूण घालतो असं दूरचित्रवाणीवर सांगितलं आणि गावच्या नगरपालिकेनं जाहीर निषेध नोंदवला. लसणीच्या एका पाकळीवरून नगरपालिका खवळते, पण सॉस फार लवकर झाला अशी तक्रार तिच्या दप्तरात सापडायची नाही. गोव्याचं चोरीस हाताशी असलेल्यांनी या गावाचा धडा जरूर गिरवावा. आतडं काढून मांस कढईत मोकळं केलं की तेलाची गरज पडत नाही. व्हिनेगर आणि मिरची त्यात आधीच असते, म्हणून टोमॅटो गोडसर आणि मीठ बेतानं.

झटपट म्हणजे मैदा, हा पुढचा आक्षेप. इटलीत 1967 च्या कायद्यानं सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. हा गहू आपल्याला परका नाही. आपला बन्सी याच जातीचा, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ड्युरमचे वाण काढलेले आहेत. पाकिटावर मैदा लिहिला असेल तर ते पाकीट परत फळीवर ठेवावं, पास्त्याला दोष देऊ नये. टोमॅटोवरचा आक्षेप मात्र मी मुकाट मान्य करतो. लांबच्या प्रवासासाठी घडवलेला जाड सालीचा टणक टोमॅटो दिसायला सुरेख आणि चवीला गप्प असतो. तिथं आंबट गावरान टोमॅटो अर्धे मिसळावेत, तेही नसतील तर चमचाभर प्युरी घालावी. इटलीतही हिवाळ्यात डबाच उघडतात.

माझी खरी तक्रार घाईवर नाही, घाईच्या खोट्या हिशेबावर आहे. ‘पंधरा मिनिटांत पास्ता’ असं लिहिणारे घड्याळ सुरू करतात ते पाणी उकळल्यावर, कांदा चिरून झाल्यावर आणि बहुधा भांडी दुसऱ्या कोणीतरी घासायची ठरल्यावर. घरच्या शेगडीवर तीन लिटर पाण्याला उकळी फुटायला पाव तास सहज जातो. त्या वेळात कांदा आणि खिमा परतून होतो. पाण्यात 30 ग्रॅम मीठ आणि 300 ग्रॅम पास्ता पडला की खिम्यात टोमॅटो टाकायचे. पाकिटावरच्या वेळेआधी मिनिटभर पास्ता उपसून कढईत घ्यायचा आणि सोबत त्याचं पिठूळ पाणी डावभर, म्हणजे रस पास्त्याला धरून राहतो. प्रामाणिक बेरीज अर्धा तास. कुकरच्या दोन शिट्ट्यांत हे सगळं होईल असं सुचवणारे लोक आहेत. त्यांच्याशी माझा वाद नाही, कारण त्यांच्याकडं जेवायला जायचा माझा विचार नाही.

राहता राहिले दोन आक्षेप. रागू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, हा पास्ता लागत नाही. रात्रभर रस पिऊन फुगतो आणि सकाळी डब्यात त्याचा गोळा होतो. खरं आहे, म्हणून पास्ता माणशी 80 ते 100 ग्रॅमच शिजवावा आणि उरवायचाच असेल तर नुसता सॉस उरवावा. दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ खिमा-पावच का करू नये. करावा की. उरलेला सॉस सकाळी गरम करून त्यात हिरवी मिरची, चिमूटभर गरम मसाला आणि कोथिंबीर घातली, की फक्त पाव आणायला कोणाला पाठवायचं एवढंच ठरवायचं राहतं.