दोन बोटं स्वर्ग

गाडीच्या चाकावर आणि मडगार्डखाली जी पोकळी असते, ती बहुतेक माणसांना जन्मभर दिसत नाही. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. माझ्या पोलोला तिथे चार बोटं शिरतात. बोट हे माझं खासगी माप नव्हे, गाड्या खाली बसवणाऱ्यांचं ते मान्यताप्राप्त एकक आहे. चार बोटं म्हणजे बैलगाडी. दोन बोटं म्हणजे स्वर्ग. आणि एकही बोट शिरत नसेल तर तुम्ही अजून कॉलेजात आहात आणि वडिलांचा पेट्रोलपंप आहे.

माझं कॉलेज कधीच संपलं. डोक्यावरची मोकळी जागा वाढत चाललीय, तिचं काही करता येत नाही. निदान चाकावरची तरी कमी करावी, एवढीच माफक महत्त्वाकांक्षा.

गाडी चाकणला जन्मलेली. इथले रस्ते बघून कारखान्याने तिला युरोपातल्या बहिणीपेक्षा उंच ठेवलं. मला तिला पुन्हा जर्मन करायची होती. त्यासाठी आखूड स्प्रिंगांमध्ये आयबाखचा प्रो-किट घ्यावा की त्याहून खाली बसवणारा स्पोर्टलाइन, की एच अँड आर, या प्रश्नावर मी जितका अभ्यास केला तितका दहावीला केला असता तर आज ही गाडीच नसती, मोठी असती.

आखूड स्प्रिंग मऊ ठेवून चालत नाही. वरखाली व्हायला जागाच कमी उरते, म्हणून ती कडक लागते. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर आपटते. कडकपणा वाढतो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने. तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग जवळजवळ 46 टक्के कडक. हे मी एका बारशात सांगितलं आणि नंतर एका दहाव्याला. बारशातून लोक उठून गेले. दहाव्यातून उठता येत नव्हतं.

जर्मनीत अशा स्प्रिंगसोबत टीयूव्ही या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीत कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे फेरफार करू नका म्हणतं, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. तेवढं पान मी भराभर वाचलं.

आमच्या मेकॅनिकला यातलं काहीच पटत नव्हतं. "कशाला जर्मनी, साहेब? ग्राइंडरने दीड वेढा उडवतो, दुपारपर्यंत गाडी खाली." मी त्याला समजावलं, की कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग सैल पडते. त्याने शांतपणे तोडगा दिला, "मग उचलायची नाही."

आता गतिरोधक. यावर मला बोलू द्या, घरी कुणी बोलू देत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे पोलोच्या लांबीला वीतभर कमी. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी. असा गतिरोधक मी छापील आकृतीतच पाहिलाय. आमच्या भागात एक आहे तो बिल्डरच्या उरलेल्या काँक्रिटचा. त्याला उंची आहे, रुंदी नाही. एक रबरी पट्ट्यांचा. पट्ट्या गेल्या, खिळे राहिले. एक मांडवाच्या वायरी झाकायला घातलेला. गणपतीचं विसर्जन झालं, त्याचं झालं नाही. एक माजी नगरसेवकांच्या दारासमोरचा. साहेब निवडणुकीत पडले, त्याची उंची कायम. रस्त्यावर दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो, पण गतिरोधक त्याच्या वर राहण्याची जिद्द सोडत नाही. हे सगळं पार करताना गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं. तोवर मागचा रिक्षावाला आपल्या घराण्याची सविस्तर चौकशी करून घेतो.

सगळ्यात वाईट आमच्या कोपऱ्यावरचा. अरुंद, धारेचा, पावसाळा संपेपर्यंत बिनरंगाचा. त्याला मी इतक्या शिव्या दिल्यात की तो घरचाच वाटतो. तो घातलाय समोरच्या इमारतीतल्या निवृत्त आजोबांनी, पेन्शनच्या पैशांतून, गवंडी आणून, रात्रीतून. तिथे त्यांच्या नातीला एका गाडीने उडवलं होतं. पोरगी वाचली; पाय अजून ओढत चालते. त्याआधी त्यांनी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या फाइलीत तारीखवार लावलेल्या आहेत. दर दिवाळीला घरच्या डिस्टेंपरने ते त्यावर पांढरे पट्टे ओढतात. गाडी कशी होती, असं मी विचारलं. "जमिनीला चिकटून आली हो," एवढंच म्हणाले. माझ्या खिशात तेव्हा कॅटलॉगची प्रिंट होती.

ज्या कामाची मापं सेंटिमीटरपर्यंत छापून ठेवली आहेत, त्यासाठी एका म्हाताऱ्याने रात्री घमेली उचलायची, याचा मला फार राग येतो. त्यांचा गतिरोधक चुकीचाच आहे. अंधारात एखादा स्कूटरवाला त्यावरून उडेल, हेही मी त्यांना सांगितलं. "मग तुम्ही अर्ज करा," ते म्हणाले.

स्प्रिंग घ्यायचा विचार सोडला, हौस मात्र मेली नाही. ती मेकॅनिकने परस्पर भागवली. "साहेब, परवा तुमचे सासू-सासरे मागे बसले होते, तेव्हा गाडी बघितली का? फुकटात दोन बोटांवर आलेली." मी मोजलं. खरंच होतं. नाक तेवढं वर राहतं. त्यासाठी मेहुण्याला पुढे बसवायचं.

आता हायवेला कुठे थांबलो की मी सासऱ्यांना म्हणतो, "अण्णा, दोन मिनिटं उतरू नका, उजेड छान पडलाय." अण्णा भारावतात. खिशातून कंगवा काढून भांग पाडतात, काच खाली करतात आणि हसतात. मी गुडघ्यावर बसून मागचं चाक फ्रेममध्ये घेतो. आतापर्यंतच्या एकूण एक फोटोत त्यांचं फक्त कोपर आलंय. परवा त्यांनी त्यातला एक मागितला, फेसबुकला लावायला.