नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

आमच्या घरचा कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून अकरा मिनिटांनी डोळे उघडतो. हा हिशेब बायकोचा. तिने कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, वरण घोटून झालं, तरी पडद्यावरचे ठिपके आपले गोल गोल फिरतच होते. "तुमच्या त्या खोक्याला दाखवा कोणालातरी," ती म्हणाली.

दाखवला. चूक तिथे झाली.

डोंबिवलीत आजारी माणसाला बघायला येणारे निदान चपला बाहेर काढतात आणि हळू बोलतात. आजारी कॉम्प्युटरला तेवढाही मान नाही. खालच्या मजल्यावरचे काका दारातूनच म्हणाले, "व्हायरस आहे. सध्या सगळीकडे आहे." कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. पावसाळ्यात आमचे डॉक्टरही असंच निदान करतात, पण ते निदान जीभ तरी बघतात.

काकांनी औषध म्हणून पेनड्राइव्ह आणला. हा पेनड्राइव्ह सोसायटीच्या ऑफिसात, दोन झेरॉक्सवाल्यांकडे आणि एका पत्रिका छापणाऱ्याकडे जाऊन आलेला. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात किती पेनड्राइव्ह टोचले जातात ते तिथे रांगेत उभं राहून पाहावं. सुई एकच, दंड शंभर. शॉर्टकट व्हायरस नावाचा प्रकार तिथूनच घरोघर गेला. तो तुमचे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवतो. क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून संशय येत नाही. मागच्या मागे किडा मात्र चालू झालेला असतो. काकांच्या पेनड्राइव्हवर अँटिव्हायरस होता, मुदत संपलेला. त्याच्या शेजारी 'न्यू फोल्डर' नावाचा एक फोल्डर होता. तो फोल्डर नव्हता.

मग मेहुणा आला. मेहुण्याने एमएस-सीआयटी केलंय. आणखी एक अँटिव्हायरस टाकला. ऑफिसातल्या एकाने फोनवरून 'क्लीनर' सुचवला, दुसऱ्याने 'बूस्टर'. भाच्याने फक्त "रॅम वाढवा" असं सांगितलं आणि तो निघून गेला; त्याचे उपकार मी विसरणार नाही. कारण एका घरात दोन अँटिव्हायरस म्हणजे एका गेटवर दोन वॉचमन. प्रत्येक फाइल आधी हा उघडून बघतो, मग तो उघडून बघतो, मग दोघं एकमेकांचे खिसे तपासतात. विंडोजचा स्वतःचा एक वॉचमन असतोच, डिफेंडर. बिचारा इतका सभ्य की बाहेरचा अँटिव्हायरस आला की निमूट खुर्ची सोडून बाजूला होतो. अकरा मिनिटांची सोळा झाली. बायकोने वरणाऐवजी राजमा लावला.

आपल्याकडे मदतीची रीत अशी की जो येतो तो काहीतरी घालून जातो. काढून कोणी जात नाही.

थोडं विषयांतर. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद आहे तो 1986 सालचा, लाहोरचा. नाव 'ब्रेन'. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. आमच्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढतात, त्यांना धडा शिकवायचा होता, असं त्यांचं म्हणणं. गंमत पुढे आहे. या भावांनी व्हायरसच्या आत आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता, आणि लस हवी तर संपर्क साधा असं वर सांगितलं होतं. रोगही आमचाच, औषधही आमच्याचकडे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर करत तो देशोदेशी गेला आणि लाहोरला परदेशातून फोन यायला लागले. इकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात उलट धंदा काढला. त्याचं पुढे क्विक हील झालं. दोन भाऊ तिकडे, दोन भाऊ इकडे. भावकी कुठून कुठे जाते पाहा.

फोन नंबर द्यायची अल्वी बंधूंची पद्धत अजून चालू आहे, फक्त पत्ता खोटा असतो. तुम्ही फुकटात सिनेमा बघायला जाता, अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, एक बाई इंग्रजीत ओरडते, आणि मधोमध नंबर येतो: ताबडतोब फोन करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ते ब्राउझरचं एक साधं पान असतं, पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत ताणलेलं. ऑल्ट आणि एफ-फोर दाबलं की बहुतेक वेळा बाईसकट जातं. पण एवढा भोंगा वाजत असताना, शेजारी ऐकत असताना, एफ-फोर कोणाला सापडतंय?

फोन केलात की पलीकडचा सज्जन स्वतःला मायक्रोसॉफ्टचा म्हणवतो आणि तुम्हाला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची ही लांबच लांब यादी. बघितलंत, एवढे व्हायरस! प्रत्यक्षात ही यादी धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असते. प्रिंटर सापडला नाही, घड्याळ जुळलं नाही, अशा त्याच्या रोजच्या कुरकुरी. कोणाही साठीच्या माणसाला "सकाळपासून कुठे कुठे दुखलं ते सांगा" म्हटलं तर अशीच यादी होईल, म्हणून काही त्याला आयसीयूत नेत नाहीत. या धंद्याची पोहोच लहान समजू नका. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली तेव्हा पोरं अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून अमेरिकनांना दरडावत होती. सातशेच्या वर कर्मचारी ताब्यात घेतले होते. ज्या पोरांना घरी कोणी "पंखा बंद कर" म्हटलं तर ऐकत नाही, ती रात्रभर टेक्सासच्या आजोबांना धाकात ठेवत होती.

असो. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि खोकं हार्डवेअरवाल्याकडे गेलं. त्याचं फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सीपीयू घेऊन या." खरा सीपीयू तळहातावर मावेल एवढा असतो, आपण बारा किलोचं खोकं रिक्षातून नेतो. दुसरं वाक्यही ठरलेलं: "फॉरमॅट मारावा लागेल." काय झालंय, हे सांगायची पद्धत नाही. "डी ड्राइव्हमधलं सगळं राहील, काळजी नको," असं मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं, आणि ते खरंही होतं. डी ड्राइव्हमध्ये काहीही नव्हतं. आमच्याकडे, आणि माझी खात्री आहे तुमच्याकडेही, सगळी इस्टेट डेस्कटॉपवर असते: मुंजीचे फोटो, घराचा करारनामा, 'नवीन', 'नवीन १', 'फायनल', 'फायनल खरं'. आणि डेस्कटॉप राहतो सी ड्राइव्हमध्ये. मुंज पुन्हा लावता येत नाही.

परत आलेला कॉम्प्युटर दोन दिवस हरणासारखा पळाला. विंडोज कुठलं टाकलं, हे मी विचारायला नको होतं. "ओरिजिनलच आहे, क्रॅक करून दिलंय," असं उत्तर आलं. त्यासाठी ॲक्टिव्हेटर नावाची एक गोळी असते. ती चालवण्याआधीची सूचना मी नंतर वाचली: प्रथम अँटिव्हायरस बंद करावा. चोराने दारात उभं राहून सांगावं, आधी कुत्रा बांधा, आणि आपण बांधावा. तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यातून जाहिराती उगवायला लागल्या.

तेव्हा मी पुन्हा गेलो. त्याने पाच मिनिटं काहीतरी केलं, पाचशे रुपये घेतले आणि जाहिराती थांबल्या. काय केलं ते मला आता माहीत आहे आणि पाचशे रुपयांचं ते गुपित तुम्हाला फुकट सांगतो. तो व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं होतं आणि आमच्यापैकी कोणीतरी 'अलाव' दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जायचं आणि ते नाव उडवायचं, बस. दिवाळीत त्याने नवीच तान घेतली: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज टेनचा मोफत आधार संपला, तुमच्या मशीनवर इलेव्हन चढत नाही, नवाच घ्या. यातलं 'नवाच घ्या' सोडलं तर बाकीचं बरोबर होतं, हे जास्त झोंबलं.

सरकारचंही एक सायबर स्वच्छता केंद्र आहे, 2017 पासून. नाव ऐकून मला वाटलं ओला व्हायरस, सुका व्हायरस वेगळा करून द्यायचा असेल. पण ते किडे काढायची साधनं खरोखर फुकट देतं. हे मी सोसायटीत सांगितलं तर काका म्हणाले, "सरकारी? नको, त्यातच व्हायरस असायचा." अनोळखी माणसाच्या पेनड्राइव्हवर जेवढा विश्वास, त्याच्या निम्मा जरी...जाऊ दे.

भाऊबीजेला साताऱ्याहून बहीण आली, तिच्याबरोबर भाची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोक्यासमोर बसली आणि इतक्या महिन्यांत एकाही तज्ज्ञाने न विचारलेला प्रश्न तिने विचारला. "मामा, हे स्लो कधीपासून झालंय? त्याच्या आधी कोणी काय दाबलं होतं?"

घरात शांतता. "गणपतीच्या आधीपासून," बायको म्हणाली, "पण मी फक्त रेसिपी बघते." मुलगा म्हणाला, तो फक्त अभ्यास करतो. मी म्हणालो, मी सदर लिहितो, वर्डच्या बाहेर माझं पाऊल नसतं. हे सगळं खरं धरलं तर कॉम्प्युटरला आमच्या घरी एकांतात रोग झाला होता.

भाचीने वाद घातला नाही. आधी नेट काढलं. मग म्हणाली, फॉरमॅट मारताना त्यांनी जुनी डिस्क तशीच ठेवली असेल तर बघू. ती कपाटात होती, हार्डवेअरवाल्याने नवी घालून "ही खराब" म्हणून परत दिलेली. (मुंजीचे फोटो त्यातच होते. त्यावर सवडीने बोलू; त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही.) तिने जुनी डिस्क लावली, सुरू होईपर्यंत दोन करंज्या खाल्ल्या, कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामची यादी उघडली आणि वरच्या 'इन्स्टॉल्ड ऑन' या शब्दांवर एकदा टिचकी मारली. यादी तारखेप्रमाणे लागली.

तो आमच्या घराचा इतिहासच होता. जूनमध्ये 'फोटो रिसायझर', कारण मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो पन्नास केबीच्या आतच लागतो आणि मोबाइल चार एमबीच्या खाली काढत नाही. त्याच दिवशी, त्याच्या पदराला धरून, दोन टूलबार. जुलैत पीडीएफ जोडणारं काहीतरी, सोसायटीच्या ऑडिटचं. त्याच्याबरोबर एक 'शॉपिंग असिस्टंट'. नंतर फुकट पत्रिका जुळवणारं, सासूबाईंसाठी. ते पत्रिका जुळवत नव्हतं पण ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलत होतं. प्रत्येकाच्या वेळी नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधल्या पडद्यावर बारीक अक्षरात "हेही टाकू का?" असतं आणि तिथे बरोबरची खूण आधीच केलेली असते. भाची एकेक नाव वाचायची, उडवायची, आणि घरातलं एकेक माणूस पाणी प्यायला उठायचं.

"17 ऑगस्ट," ती म्हणाली. "एकाच दिवशी सात. 'स्पीड बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'सुपर बूस्टर'... या दिवशी कोण होतं घरी?"

"रविवार ना? कल्याणला बारसं होतं," बायको आतून म्हणाली. "आम्ही सगळे तिकडेच. ह्यांचं तेवढं पोट बिघडलं होतं."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि चहाचा रिकामा कप ठेवायला आत गेली.

मी यादीच्या वर 'नेम' लिहिलं होतं तिथे टिचकी मारली. सगळं एबीसीडीप्रमाणे लागलं.