भरल्या पोटी इंदूर

इतर शहरांत रात्री दहाला कोणी चपला पायात सरकवल्या की घरचे विचारतात, "आता कुठे निघालास?" इंदुरात विचारतात, "आम्हाला सोडून कुठे निघालास?" आणि उत्तराची वाट न बघता आपापल्या चपला शोधू लागतात. माझी सासुरवाडी इंदूरची. त्यामुळे या शहराच्या रात्रीचा अभ्यास मला घरबसल्या करता आला असता; पण घरी कोणी बसू दिलं नाही.

या अभ्यासाचा पहिला नियम असा, की बाहेर खायला जायच्या आधी घरी पोटभर जेवायचं. सासूबाईंनी साडेआठलाच पान वाढलं. पोळी, दोन भाज्या, कढी, भात, वर आग्रहाचं श्रीखंड. 'पुरे' हा शब्द जावयाच्या तोंडी शोभत नाही, असं त्या घरात मानतात. हात धुऊन मी बडीशेपेची डबी उघडतोय, तोच सासरे म्हणाले, "चला जावईबापू, आता काहीतरी खाऊन येऊ."

मी हसलो. कोणीच हसलं नाही. आजेसासूबाई कानाला मफलर गुंडाळून दारात उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी.

"आजी, तुम्हीसुद्धा?"

"मग? तुम्हाला एकट्याला काय मागवायचं ते कळणार आहे का?"

घर लोकमान्य नगरात. रामबाग, नारायण बाग, राजेंद्र नगर अशा इंदूरच्या जुन्या-नव्या मराठी वस्त्यांचा स्वभाव साधारण एकच. दारावरची पाटी मराठी, देवघरातली आरती मराठी, आणि पार्किंगवरून भांडण मात्र हिंदीत. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांच्या तारखा इथे घरातल्या लग्नाच्या तारखांइतक्या मान देऊन लिहून ठेवतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा झालं, हे माझ्या सासऱ्यांनी मला साखरपुड्यातच सांगितलं होतं. २००१च्या अध्यक्षा विजया राजाध्यक्ष होत्या हे त्यांना आठवतं. परिसंवाद संपल्यावर पाहुण्यांना सराफ्यात कोणी कोणी नेलं, हे त्याहून जास्त आठवतं.

गाडी राजवाड्यापाशी लावली. होळकरांचा हा सातमजली वाडा, खाली दगडी, वर लाकडी, रात्री दिव्यांत फार रुबाबदार दिसतो. त्याच्या पायथ्याशी फुगेवाले, मोबाईलची कव्हरं विकणारे आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी अशी दाटी. सासऱ्यांनी इतिहास सुरू केला. १८०१ साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, जाळलं. तेव्हा वाडाही भाजला. त्याचा हिशोब पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी थेट पुण्याच्या वेशीवर चुकता केला. "हडपसरला. ऐन दिवाळीत. तुम्ही कुठे राहता म्हणालात, जावईबापू?"

मी हडपसरलाच राहतो. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीची थकबाकी जावयाकडून वसूल होऊ नये म्हणून मी वाड्याच्या कोरीव खिडक्यांचं कौतुक सुरू केलं.

तिथून चार पावलांवर सराफा. दिवसा इथे सोनं तोळ्यावर विकतात, रात्री रबडी शेरावर. साडेआठ-नऊला सराफांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात. गर्दी असली की चोर फिरकत नाहीत, म्हणून पूर्वीच्या सराफांनीच हे खाणं दारात बसू दिलं, असं गावात सांगतात. तिजोरीच्या राखणीला इतरत्र कुत्रा पाळतात, इंदुराने मालपुवा ठेवला. अलीकडे गाड्या वाढल्या, गॅसच्या टाक्या वाढल्या, मोमो आणि पिझ्झाही शिरले, म्हणून सराफ कुरकुरतात. कुरकुर करतानाही त्यांच्या हातात द्रोण असतो.

सेनापती आजी होत्या. "एक प्लेट, चमचे पाच," हा त्यांचा पहिला हुकूम. सुरुवात भुट्ट्याच्या किसाने. कोवळं कणीस किसून, तुपात परतून, दुधात शिजवून वर खोबरं-कोथिंबीर. मग गराडू. हा कंद थंडीतच मिळतो. तळलेल्या फोडींवर लिंबू आणि जिरावन पडलं की माणूस कुटुंबातल्या माणसांशीही वाटून खायला कचरतो. जिरावन हा मसाला इंदूरकर पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर आणि संधी मिळाल्यास पाहुण्यावरही भुरभुरतात.

पुढे जोशींचा दहीवडा. हा नुसता खायचा नसतो, आधी बघायचा असतो. दह्याने भरलेला द्रोण गरकन वर उडतो, हवेत फिरतो आणि एक थेंब न सांडता हातात परत येतो. मग एकाच चिमटीतून मीठ, तिखट, जिरं असे निरनिराळे मसाले वेगवेगळे पडतात. भौतिकशास्त्राचा पदवीधर असलेला माझा मेहुणा लहानपणापासून हे बघतोय. त्याला विचारलं, हे होतं कसं? तो म्हणाला, "जीजाजी, विचार नका करू, गार होऊन राहिलं." दहीवडा गारच असतो, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

खोपरा पॅटीस झालं. साबुदाण्याची खिचडी समोर आली. इथली खिचडी वाफेवरची, मोकळी, वर फराळी चिवडा आणि लिंबू.

"आज उपास आहे?" मी आजींना विचारलं.

"उद्या चतुर्थी आहे."

"पण आज…"

"बारा वाजून गेले," असं म्हणून त्यांनी चमचा उचलला.

ताट व्यापून उरेल अशी एक जलेबी आली. तिला जलेबा म्हणतात, आणि एका माणसाने ती संपवणं हे धैर्य समजतात. मावाबाटीच्या नुसत्या दर्शनाने माझे डोळे मिटू लागले. शेवटी मी काकुळतीला येऊन म्हणालो, पचायला काहीतरी घेऊ. "हां, शिकंजी घेऊ," सासरे म्हणाले. मला बरं वाटलं. लिंबू, काळं मीठ, थंड पाणी. समोर आलं ते केशर-सुकामेव्याचं घट्ट दूध. त्यात लिंबाचा थेंबही नव्हता. इंदूरमध्ये पचनाचा उपाय म्हणजे पुढचा पदार्थ.

मेहुण्याचं दैवत वेगळं. त्याचं म्हणणं, सराफा म्हाताऱ्यांचा, खरं इंदूर छप्पनला. न्यू पलासियातली ही छप्पन दुकानांची रांग. २०२०मध्ये तिचं रूप पालटून वाहनांना मज्जाव केला, बाकं टाकली. तिथे जॉनीच्या हॉट डॉगसाठी, म्हणजे टिक्की घातलेल्या गरम पावासाठी, लोक परदेशी पदार्थाला साजेशी रांग लावतात आणि देशी आवाजात ती मोडतात. छप्पनची माणसं नीटनेटकी, फोटो काढून मग खाणारी. सराफ्यात फोटो काढायला हात मोकळा नसतो. शिवाय सराफा रंगात येतो तेव्हा छप्पन झाकपाक करू लागतं, यावरून घरात जे ठरायचं ते ठरतं.

माझ्या बायकोची मैत्रीण राहते विजय नगरला. तिच्या मते खरं इंदूर तेच. काचेच्या इमारती, मॉल, पब, रोषणाई. याच बाजूच्या बीआरटीएसवर, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेल्या रस्त्यावर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात २०२२मध्ये प्रशासनाने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला रीतसर परवानगी दिली. मोठ्या शहराला मोठी रात्र हवी, असा हेतू. पण रस्त्यावर डुलणारी मंडळी वाढली, तक्रारी वाढल्या, आणि २०२४मध्ये परवानगी मागे घेतली. मग बीआरटीएसच काढून टाकायचं ठरलं. सराफ्यात ही हकिगत सांगताना कोणाच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही.

"रात्र अशी कागद काढून होते होय?" आजी म्हणाल्या, आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांवर आल्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, अशा कापडगिरण्यांचे कामगार विजेच्या दिव्यांचे हलते देखावे करायचे, आणि ती मिरवणूक, पुढे आखाड्यांचे पट्टेवाले, पहाटेपर्यंत चालायची. गिरण्या केव्हाच बंद पडल्या. कामगारांनी झाँक्या बंद पडू दिल्या नाहीत. आजी लहानपणी दुपारीच फुटपाथवर सतरंजी टाकून जागा धरत. आता सतरंजी मेहुण्याने टाकायची असते. "पगार थांबला, पण रात्र थांबली नाही," त्या म्हणाल्या.

दोनच्या सुमारास ओटे रिकामे झाले आणि झाडूवाले आले. २०१७ ते २०२३ स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदुराने पहिला क्रमांक सोडला नाही. २०२३मध्ये तो सुरतेशी वाटून घ्यावा लागला, ही गोष्ट सासुरवाडीत काढायची नसते. शेजारी एका तरुणाने कुल्फीची काडी खाली टाकली. दंडावर गोंदलेला वाघ, कानात वाळी. आजी म्हणाल्या, "बेटा, उठाओ." वाघासकट तो वाकला, काडी उचलली, "हाव दादी" म्हणाला आणि वर नमस्कारही करून गेला.

घरी आलो तेव्हा तीन वाजत होते. साडेसहाला सासऱ्यांनी दार ठोठावलं. "जावईबापू, उठा. गरम पोहे-जलेबी नंतर मिळत नाही."

रात्रीचं शहर कसं घडवावं यावर बैठका घेणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. रस्ते रुंद करू नका, आदेश काढू नका. चौऱ्याऐंशी वर्षांची एक बाई गाडीच्या मागच्या सीटवर बसवा. ती जिथे उतरेल तिथे बाजार भरतो, दोनपर्यंत चालतो, आणि कोणी झिंगत नाही. झिंगतो तो फक्त जावई, तोही तुपाने.