सर्वांना उत्तर

ई-मेलचा पूर भांडखोर माणसं आणतात, असा एक गैरसमज आहे. भांडणारे दोन-चारच असतात आणि ते लवकर दमतात. पूर आणतात ती सभ्य माणसं. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याची मेल आली, की अभिनंदन सुरू होतं. तेही सर्वांच्या साक्षीनं. मुलीचे वडील प्रत्येकाचे वेगळे आभार मानतात, तेही सर्वांच्या साक्षीनं. मंडळी नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. इकडचे आडवे झाले की तिकडचे उठून बसतात, त्यामुळे अभिनंदनाला रात्र अशी होतच नाही. चार दिवसांनी त्याच मेलच्या शेपटाला कुणीतरी विचारतं, ‘ठाण्यात दातांचा चांगला डॉक्टर आहे का?’ पुढची सगळी उत्तरं ‘चि. सौ. कां.’ या शीर्षकाखाली रूट कॅनालबद्दल.

याहून गमतीची असते ती पूर थांबवणाऱ्यांची धडपड. १९९७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये सुमारे १३ हजार पत्त्यांच्या एका यादीवर कुणीतरी कळवलं, ‘मला यातून काढा.’ लगेच इतरांनी सर्वांना कळवलं, ‘मलाही.’ मग जाणत्यांनी सर्वांना समजावलं, की कृपा करून सर्वांना उत्तर देऊ नका. तासाभरात दीड कोटीच्या आसपास मेल फिरल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत चाचणीची एक मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांना गेली आणि सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल झाल्या. दोन्हीकडे माणसं शिकलेली होती, हेतूही चांगला होता. पण ‘गप्प बसा’ हीसुद्धा शेवटी एक मेलच असते.

आपल्या जुन्या पोस्टकार्डानं हा प्रश्न एका ओळीत सोडवला होता : ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’ घरात माणसं कितीही असोत, सगळ्यांची सोय लावून झाली. त्यावर घरातल्या प्रत्येकानं उलट टपाली वेगळं कार्ड पाठवून ‘आशीर्वाद पोचले’ असं कळवलं नाही. जागा तळहाताएवढी, शिवाय कार्डाला पैसे पडत. आपण त्याला संस्कार समजत होतो. निम्मी काटकसर होती.

जागा आणि तिकीट दोन्ही फुकट झाल्यावर नियम लिहून काढावे लागले. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली इंटरनेटच्या शिष्टाचाराची नियमावली, ‘आरएफसी १८५५’, आजही वाचण्यासारखी आहे. गटात आलात की महिना-दोन महिने नुसतं वाचा, मग लिहा. डोकं तापलं असेल तर उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. आपलं उत्तर कुणाकुणाला जातंय ते बघा. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे स्वातंत्र्य आधी आलं आणि घटना दोन महिन्यांनी. तेवढं थांबायला आपल्याला सवड कुठे होती?

माझा स्वतःचा उपाय आळशी माणसाचा आहे. दिवसभराच्या मेल एकगठ्ठा मिळतील अशी सोय असते, ती मी करून घेतली आहे. सकाळी चहाबरोबर गठ्ठा उघडावा, तर प्रश्नाला उत्तर मिळालेलं असतं, भांडणारे समेटाला आलेले असतात आणि डॉक्टरची वेळही ठरलेली असते. जग आपल्यावाचून चाललं हे आधी जरा लागतं, मग फार बरं वाटतं.

खरी अडचण एवढीच, की समोरासमोर आपण मान डोलावतो आणि काम भागतं. मेलमध्ये मान नसते. व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये संदेशाला नुसता अंगठा लावायची सोय केली तेव्हा वाटलं, मिळाली मान. पण निधनाच्या बातमीखालीही अंगठे उमटले, आणि ‘अंगठा का लावला’ यावर सर्वांच्या साक्षीनं चर्चा झाली. तेव्हा गटात ज्याचं उत्तर आलं नाही, त्यानं वाचलंच नाही किंवा तो रागावला, असं धरू नये. त्याला आनंद झाला असेल, दुःखही झालं असेल. फक्त ते त्यानं सर्वांना कळवलं नाही, एवढे उपकार केले.