मास्तरांची खुर्ची विकायला निघालेल्या साहेबांस

साहेब,

नमस्कार. त्याआधी 'सप्रेम' लिहायला हात धजत नाही.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे तुम्ही टॅबलेट मांडलात आणि छाती पुढे काढून म्हणालात, "हा रजा घेत नाही, पगार मागत नाही, निवडणुकीच्या कामाला जात नाही. दोन पदं रिकामी आहेत ना? राहू द्या रिकामी." तुम्हाला शाळा कळलेली नाही, शाळेची अडचण मात्र नेमकी कळली आहे आणि तिच्यावरच तुमचा धंदा उभा आहे.

तुमचा नमुन्याचा टॅबलेट तिसरीतल्या एका मुलीच्या हाती दिला होता. ५२ वजा २७. तिने ३५ लिहिले. लाल फुली आली. पुन्हा ३५, पुन्हा फुली. मग ती वाटेल तो आकडा दाबत सुटली, एकदाचे २५ लागले आणि तुमच्या यंत्राने टाळ्या वाजवल्या. बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "कसं केलंस, सांग बघू." ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." बाईंनी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या आणि एक गठ्ठा तिच्याच हाताने सोडवला. आता सुट्या बारा झाल्या. त्यातून सात काढताना पोरीचा चेहरा उजळला. बाईंनी लगेच दुसरे गणित घातले.

उद्या तुमचे यंत्र ही चूक ओळखेलही. पण या मुलीचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीकडे राहते आणि दिवाळीपासून वर्गात बोलत नाही, हे बाईंना माहीत आहे. म्हणून त्या उत्तर सांगायच्या आधी तिला बोलते करतात.

तुमचा दावा नवा नाही. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे एडिसनने १९१३ मध्येच सांगितले होते. पेरू देशाने तर मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा अहवाल २०१२ मध्ये आला. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. गणित आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

तंत्रज्ञानाचा मला तिटकारा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पण मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे, हे आधी गुरुजींनी ओळखले. कोड त्यानंतर आला. तुम्ही गुरुजींना वगळून नुसता कोड विकता आहात.

आमचा पट ८४ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन शिक्षक हवेत, आहेत त्या एकट्या बाई. चार इयत्ता, पोषण आहाराची नोंद, माहिती भरायचे तक्ते, सगळे त्यांच्याच डोक्यावर. तुमच्या माहितीपत्रकातले 'शिक्षकाला पर्याय' हे शब्द खोडून आणा. तोवर आम्ही दोन पदांसाठी जिल्हा परिषदेत अर्ज घेऊन बसतो. पदे भरली की या. टॅबलेट घ्यायचा की नाही, ते बाई ठरवतील.

आपला,
समितीतला एक पालक