अटीताई आणि शर्तीताई यांस

प्रति,
सन्माननीय अटीताई आणि शर्तीताई,
मुक्काम : परदेश शिष्यवृत्तीचे शासन निर्णय, परिशिष्टे व तळटिपा

विषय : आपण आणखी कडक व्हावे याबाबत

सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिणारे बहुधा रडगाणे घेऊन येतात. कोणाचा दाखला सेतू केंद्रात अडकलेला, कोणाचे ऑफर लेटर ऐन वेळी सशर्त निघालेले, कोणाच्या आडनावातला एक काना तीन कागदांवर तीन ठिकाणी. मी मात्र तुमचे कौतुक करायला बसलो आहे, आणि तेही नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजहून, जिथून तुमच्याकडे कौतुकाची पत्रे फारशी येत नसावीत. लोक म्हणतात, तुम्ही हुशारी मोजता. तुमच्यावर प्रेम करणारे म्हणतात, तुम्ही गरज मोजता. दोन्ही तुमच्यावर अन्याय आहे. तुम्ही त्याहून अवघड गोष्ट मोजता : घरात आधीपासून किती पाठबळ आहे. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी योजना काढायची आणि ज्याच्याकडे ते थोडेफार आहे त्यालाच नेमके शोधून काढायचे, हे कसब सहजासहजी साधत नाही. ते तुम्हाला कसे साधले, हे पुराव्यानिशी सांगावे एवढाच या पत्राचा हेतू.

सुरुवात पत्त्यापासून करू. २००२ साली तुळिंजला जन्मलेल्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नालासोपारा नगरपरिषद आणि जिल्हा ठाणे असते. २००९ साली नगरपरिषद जाऊन वसई-विरार शहर महानगरपालिका आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा पालघर झाला. म्हणजे ही मुलगी घरातून न हलता दोनदा स्थलांतरित झाली, आणि हे तिने नव्हे, सरकारने केले, हे तिलाच पटवून द्यावे लागते. त्यात घर भाड्याचे असेल तर भाडेकरार अकरा महिन्यांचा. मग जातीचा दाखला. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी महाराष्ट्रात कुठे राहत होते त्याचा पुरावा लागतो. तुळिंजमधली बरीच कुटुंबे कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असलाच तर तो गावच्या शाळेत, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर प्रश्न आणखी गोड. उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत तर वेगळीच. नोकरदार बापाकडे फॉर्म १६ असतो, त्याची गरिबी किंवा सुबत्ता एका कागदावर सिद्ध होते. वसई पूर्वेच्या गाळ्यांत रोखीने मजुरी घेणाऱ्या बापाकडे गरिबीशिवाय गरिबीचा दुसरा पुरावा नसतो. गरीब आहोत हे सिद्ध करण्याची सोय थोड्या कमी गरिबाकडे जास्त असते, हे तुम्ही ओळखलेत.

पण हे सारे प्रास्ताविक झाले. तुमची खरी प्रतिभा क्रमात आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती घ्या किंवा राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची घ्या, दोन्हीकडे आधी परदेशी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र हवे, मग शिष्यवृत्तीचा विचार. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला विनाअट पत्र मिळू शकत नाही, कारण त्याचा निकालच लागलेला नसतो. आणि मुंबई विद्यापीठाचा निकाल केव्हा लागेल हे ज्योतिषाचेही काम नाही : २०१७ साली ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणीच्या घोळात निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी राज्यपालांना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. तेव्हा मार्ग एकच. पदवी पूर्ण करायची, मग इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांच्या अर्जाचे शुल्क, काही ठिकाणी जागा राखायला अनामत, हे सगळे पदरचे. विनाअट पत्र हातात आल्यावर तुमच्याकडे अर्ज, आणि एक वर्ष थांबायचे. एक कमावता हात वर्षभर रिकामा ठेवणे कोणाला परवडते? नोकरी करत थांबावे म्हटले तर तो पगार कुटुंबाच्या उत्पन्नात मिळून योजनेच्या वार्षिक आठ लाखांच्या मर्यादेकडे सरकतो. जो थांबू शकतो तो पात्र आणि जो कमावतो तो धोक्यात, अशी ही रचना. विद्वत्तेची परीक्षा यात कुठेच होत नाही, धीराची होते. आणि धीराला घरभाडे भरावे लागत नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे.

यावर कोणी म्हणेल, जे निवडले गेले त्यांचे तरी भले झाले ना. २०२५-२६ सालच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे आकडे पाहा. अर्ज ४४० आले. त्यातले २७० बाद ठरले, ६४ जणांची निवड झाली नाही, १०६ निवडले गेले. योजनेत जागा १२५ आहेत हे लक्षात ठेवा. म्हणजे जागा उरल्या आणि बाद अर्जांचा ढीगही उरला. निवडलेल्या १०६ पैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे गेली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे कळवले गेले. हे जुलै महिन्यात, जेव्हा ब्रिटनमधली विद्यापीठे सप्टेंबरला उघडायच्या तयारीत असतात. निवड झाली आहे पण पैशाचे बघू, हे वाक्य ऐकून ज्याच्या घरी कोणी तात्पुरते पंधरा-वीस लाख उभे करू शकतो, त्याचे विमान सुटते. बाकीचे ‘निवड झालेले उमेदवार’ ही पदवी घेऊन विरार लोकलने घरी येतात.

आणि जे पोचले त्यांच्या खिशाचे काय? नियमावलीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड धरलेला आहे. आता ब्रिटिश सरकारचा हिशेब बघा. जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार व्हिसासाठी विद्यार्थ्याने खर्चाची तयारी दाखवायची होती ती लंडनमध्ये महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड, तीही नऊ महिन्यांची. म्हणजे लंडनला १३,३४७ आणि बाहेर १०,२२४. ज्या देशात राहायचे त्या देशाचे सरकार नऊ महिन्यांना किमान लागेल म्हणते त्यापेक्षा तुमची बारा महिन्यांची रक्कम कमी. फरक कोण भरणार, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि न लिहिण्यातच सारे आले. तो फरक घरून यायचा असतो.

तुमचे वकील इथे इतिहास काढतात. म्हणतात, पूर्वी काय होते? राजाची मर्जी. खरे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या पदवीधराला महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. जूनमध्ये करार झाला, जुलैत तो तरुण न्यूयॉर्कला पोचलाही. करारात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होती, म्हणजे तुमच्या कुळातली एक बाई तेव्हाही हजर होती. मुदत संपली तशी न्यूयॉर्कनंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले, आणि पुन्हा लंडनला जायला १९२० उजाडले, शाहू महाराजांच्या आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने आणि स्वतःच्या बचतीने. मर्जीवर चालणारी व्यवस्था तुटते ती अशी, आणि म्हणून नियमाचे राज्य हवे, हे मी तुमच्याआधी मान्य करतो. पण नियमाचा फायदा एवढाच की त्याला जाब विचारता येतो. तो विचारू. याच विद्यार्थ्याला १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. २०२४ साली शाहू महाराजांच्याच नावाच्या योजनेत दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्क्यांची अट आली होती; आरडाओरड झाली तेव्हा ती मागे घ्यावी लागली. त्याआधी २०२२ साली केंद्राच्या योजनेने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले, कारण त्यासाठी परदेशी जायची गरज काय. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला होता. आज तो विषय अर्जात लिहिला तर पहिल्याच छाननीत निकाल लागेल. एखाद्या समाजाचा अभ्यास त्याच समाजातल्या माणसाने दूर उभे राहून करावा, हेच तर परदेशी जाण्याचे सर्वांत भक्कम कारण. ते तुम्ही नेमके हेरलेत.

आता तुमच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन गंभीर मुद्दे, ज्यांना हसून उडवणे बरोबर नाही. पहिला : पैसा जनतेचा आहे, खोटे दाखले सर्रास निघतात, खऱ्या हक्कदाराची जागा बोगस माणूस पळवतो. हे घडते, आणि त्याची झळ सगळ्यांत आधी खऱ्या हक्कदारालाच बसते. म्हणून पडताळणी हवीच. पण ती कोणत्या क्षणी, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्याच राज्यात इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात जात पडताळणी प्रमाणपत्र द्यायला सरकारने अनेकदा मुदत वाढवून दिली. प्रवेश आधी, कागद नंतर, कागद खोटा निघाला तर प्रवेश रद्द. त्याने आकाश कोसळले नाही. दुसरा मुद्दा : जागा थोड्या, अर्जदार पुष्कळ, कुठेतरी रेघ मारावीच लागते. मान्य. पण जिथे १२५ जागांसाठी १०६ जण निवडले जातात, तिथे टंचाई जागांची नाही. आणि रेघ कशी मारावी याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. ब्रिटनची चेवेनिंग शिष्यवृत्ती विनाअट प्रवेशपत्र अर्जाच्या वेळी मागतच नाही. अर्ज शरद ऋतूत, मुलाखती पुढच्या वर्षी, आणि प्रवेशपत्र उन्हाळ्यापर्यंत दाखवले तरी चालते. बाहेरचे कशाला, आपल्याच राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत पूर्वी निवड झालेल्याला प्रवेश मिळवायला तीन वर्षांपर्यंतची मुदत असे. निवडपत्र खिशात असले की विद्यापीठही वेगळ्या नजरेने बघते आणि घरचेही. हा क्रम बदलल्यावर पाठबळ मोजायची सोय उरणार नाही, ही तुमची अडचण मी समजू शकतो. (उत्पन्नाच्या मर्यादेवरचा वाद इथे मुद्दाम काढत नाही. आठ लाखांच्या वर एक रुपया मिळवणारा शिक्षक लंडनचे शुल्क कसे भरतो, हे कोडे स्वतंत्र पत्राच्या लायकीचे आहे.)

तेव्हा माझी विनंती अशी की अर्धवट थांबू नका. आधी प्रवेश मागता, तर पुढच्या वर्षापासून आधी पदवीच मागा. परदेशातून उत्तीर्ण होऊन आलेल्यालाच शिष्यवृत्ती दिली तर अर्धवट शिक्षण सोडण्याचा धोका उरणार नाही आणि लेखापरीक्षकही खूश होतील. जामीनदार म्हणून महसूल खात्यात काम करणारा एक मामा सक्तीचा करावा; तो ज्याला नाही त्याचा अर्ज तसाही पोचत नाही, निदान छाननीचा वेळ वाचेल. आणि १० ऑगस्ट १९५० ही तारीख फार अलीकडची वाटते. तुळिंज ज्या सोपाऱ्याला लागून आहे तिथे १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजांनी पूर्वी मौजेखातर प्रवास केले, अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात सांगितले आहे. म्हणजे प्रवासाचे प्रयोजन लिहून देण्याची चाल इथे दोन हजार वर्षांहून जुनी. त्या काळापासूनचा रहिवासाचा पुरावा मागावा. शिळेची साक्षांकित प्रत जोडायला तुळिंजच्या मुलांना तरी हरकत नसावी.

हे जमणार नसेल, तर फक्त एवढे करा : निवड आधी, प्रवेशपत्र नंतर, आणि मंजुरीपत्र निघण्याआधी त्यासाठीचा निधी बाजूला काढलेला. तिन्हींपैकी एकालाही नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. तो निघाला की मला एक प्रत पाठवावी. पत्ता बदलला असल्यास तो जिल्हा पालघर, महानगरपालिका तीच, खोली मात्र दुसरी असेल.

कळावे.

आपला,
तुळिंजचा एक हितचिंतक
(त्रुटी : पत्रासोबत उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.)